आई-वडील टेक्सासला, मुलगी नॉर्थ कॅरोलायनात: इन-स्टेट फीचे एक प्रकरण

जुलै 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी या गावी बारा वर्षे राहिलेल्या एका मराठी कुटुंबाने टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात बिऱ्हाड हलवले. वडिलांची कंपनीतली बदली हे कारण होते आणि ती नाकारणे म्हणजे नोकरी सोडणे होते. दहावी संपवलेला धाकटा मुलगा आई-वडिलांबरोबर गेला. मोठी मुलगी मात्र रॅले येथील एका सरकारी विद्यापीठात पहिले वर्ष पूर्ण करून दुसऱ्या वर्षात जाणार होती आणि ती मागेच राहिली. ऑगस्टमध्ये कॅरीचे घर विकले गेले. त्यानंतर महिनाभराने वडिलांच्या मनात तो प्रश्न आला, जो खरे तर बदलीचे पत्र हातात पडले त्याच दिवशी यायला हवा होता: आपण राज्य सोडले, तर मुलीची इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातील रहिवाशांना लागू असलेली कमी फी, राहते की जाते?

हे कुटुंब आमच्या शेजारचे. मी वकील नाही. परंतु पुढचे वर्षभर त्यांची कागदपत्रे लावण्यात मी त्यांच्याबरोबर बसले. त्यांच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडते आहे. ओळख पटू नये म्हणून नावे आणि विद्यापीठाचे नाव गाळले आहे.

प्रश्न किती रकमेचा होता, ते आधी सांगितले पाहिजे. रॅले आणि चॅपेल हिल येथील मोठ्या सरकारी विद्यापीठांत राज्यातील पदवी विद्यार्थ्याची मूळ ट्यूशन (शिक्षण शुल्क) 2024-25 मध्ये वर्षाला साधारण 6,500 ते 7,000 डॉलर होती आणि बाहेरच्या राज्यातील विद्यार्थ्याला त्याच्या चौपटीहून जास्त मोजावे लागत. त्यातच 2016 च्या कायद्याने राज्यातील विद्यार्थ्यांना चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सलग आठ सत्रे ट्यूशन न वाढण्याची हमी दिली आहे; निवासी दर्जा, म्हणजे फीसाठी राज्याचे रहिवासी असल्याची मान्यता, गेला की ही हमीही जाते. तिसरे आणि चौथे वर्ष अनिवासी म्हणून काढावे लागले असते, तर नुसता फरकच 40,000 डॉलरच्या पुढे गेला असता.

नातेवाइकांनी आणि स्नेह्यांनी सल्ले दिले, आणि त्यांतला एकही दुसऱ्याशी जुळेना. अटलांटात राहणारे मामा म्हणाले, मुलगी शिकते आहे तोवर काही होत नाही. न्यू जर्सीतील एक स्नेही म्हणाले, अवलंबून असलेल्या मुलांचे राज्य आई-वडिलांच्या राज्यावरूनच ठरते, तेव्हा दर्जा गेलाच म्हणून समजा. व्हर्जिनियातील एका मैत्रिणीने सांगितले, एक वर्षाची सवलत मिळते. या तिघांपैकी कोणीही चुकीचे सांगत नव्हते. प्रत्येक जण आपापल्या राज्याचा नियम सांगत होता. जॉर्जियात विद्यापीठ मंडळाच्या धोरणानुसार, आई-वडील राज्याबाहेर गेले तरी विद्यार्थी सार्वजनिक महाविद्यालयात सलग शिकत राहिला तर त्याचा दर्जा टिकतो. न्यू जर्सीत अवलंबित विद्यार्थी आई-वडिलांच्या राज्याचा आहे असे गृहीत धरले जाते. व्हर्जिनियात ज्या पालकामुळे दर्जा मिळाला, त्याने राज्य सोडल्यापासून एक वर्ष इन-स्टेट फी चालू राहते. कॅलिफोर्नियात तर विद्यार्थी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असताना पालकांनी राज्य सोडले, तर त्यासाठी स्वतंत्र कलम आहे. सैन्यात असलेल्यांच्या मुलांसाठी मात्र केंद्रीय कायदा आहे: एकदा प्रवेश घेतल्यावर पालकाची दुसरीकडे नेमणूक झाली तरी शिक्षण सलग चालू असेपर्यंत इन-स्टेट दर टिकतो. आमचे कुटुंब सैन्यातले नव्हते. म्हणून आम्हाला केवळ नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा वाचायचा होता, आणि इतरांचा अनुभव ऐकून घेऊन बाजूला ठेवायचा होता.

आपल्याकडून गेलेल्या पालकांची येथे एक स्वाभाविक गफलत होते. महाराष्ट्रात 'डोमिसाइल' म्हटले की डोळ्यांसमोर तहसील कार्यालयातून किंवा सेतू केंद्रातून मिळणारा वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाचा दाखला येतो. दाखला मिळाला की प्रश्न मिटला. वडिलांनी मला पहिल्याच बैठकीत विचारले, "हा दाखला इथे कोणत्या ऑफिसात काढायचा?" असा दाखला येथे नाही. अधिवास ही येथे वस्तुस्थिती मानली जाते. माणूस प्रत्यक्ष कुठे राहतो आणि तिथेच कायम राहण्याचा त्याचा इरादा आहे का, या दोन गोष्टींचा मेळ म्हणजे अधिवास. वास्तव्य एकापेक्षा जास्त ठिकाणी असू शकते. अधिवास एका वेळी एकच असतो. आणि आमच्या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे जुने तत्त्व असे की, एकदा लागलेला अधिवास नवा अधिवास लागेपर्यंत सुटत नाही.

नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यात या तत्त्वाभोवती तीन गोष्टी गुंफलेल्या आहेत. निवासी ठरण्यासाठी वर्गीकरणापूर्वी सलग 12 महिने राज्यात अधिवास असावा लागतो आणि तो खरा अधिवास असावा लागतो, केवळ कॉलेजसाठी केलेला मुक्काम नव्हे. विद्यार्थ्याचे आई-वडील हयात असतील, तर त्यांचा अधिवास हा विद्यार्थ्याच्या अधिवासाचा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. तो खोडून काढता येतो, पण खोडण्याचा भार विद्यार्थ्यावर असतो. तिसरी गोष्ट त्याच कलमात पुढे आहे आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास निसटते: विद्यार्थी प्रवेशापूर्वी किंवा पुनर्नोंदणीपूर्वी सलग पाच वर्षे राज्यात राहिलेला असेल, तर आई-वडील राज्याबाहेर असणे हा त्याच्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा ठरत नाही.

हे वाक्य मी वडिलांना दोनदा वाचून दाखवले. मुलगी 2012 पासून कॅरीत होती. कॅरी आणि रॅले ज्यात येतात त्या वेक काउंटीच्या सरकारी शाळांत ती दुसरीपासून बारावीपर्यंत शिकली होती. पाच वर्षांची अट तिने दुपटीहून अधिक पूर्ण केली होती. शिवाय कुटुंबाने राज्य सोडले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ती अज्ञान असती तर तिचा अधिवास आई-वडिलांच्या मागोमाग गेला असता. सज्ञान व्यक्तीला स्वतःचा अधिवास असू शकतो. म्हणजे तिला नॉर्थ कॅरोलायनात नवा अधिवास मिळवायचा नव्हता. आहे तो सोडलेला नाही, एवढेच दाखवायचे होते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली या फरकात होती. 'अधिवास मिळवायचा आहे' या समजुतीने वागणारा माणूस नवी कागदपत्रे गोळा करत सुटतो. 'टिकवायचा आहे' हे कळलेला माणूस आधी असलेल्या कागदांना हात लागू देत नाही.

याच कायद्यात सवलतीचा काळही दिला आहे. योग्य रीतीने निवासी ठरलेल्या विद्यार्थ्याचा अधिवास शिकत असताना गेलाच, तर त्या दिवसापासून 12 महिने इन-स्टेट फी चालू राहते, आणि ते 12 महिने सत्राच्या मध्ये संपले तर सत्र संपेपर्यंत. त्यामुळे अगदी वाईटात वाईट धरले, तरी जुलै 2024 पासून मोजता दुसरे वर्ष पूर्ण सुरक्षित होते. धोका होता तो ऑगस्ट 2025 पासूनच्या दोन वर्षांना. या सवलतीने दिलेला वेळ आम्हाला फार उपयोगी पडला, कारण तोवर घरच्यांच्या हातून बरेच बिघडले होते.

बिघडले ते वाईट हेतूने नव्हे, प्रेमाने. वडील व्यवस्थित माणूस. नव्या राज्यात गेल्यावर त्यांनी पहिल्या महिन्यातच सगळे पत्ते बदलले. मुलगी रॅलेत जी मोटार चालवत होती ती वडिलांच्या नावावर होती, तिची नोंदणी त्यांनी टेक्सासमध्ये करून घेतली. मुलीच्या बँक खात्याचा पत्ता टेक्सासचा झाला. "पत्रे गहाळ व्हायला नकोत" म्हणून त्यांच्याच सांगण्यावरून मुलीने विद्यापीठाच्या पोर्टलवरचा कायमचा पत्तासुद्धा टेक्सासचा केला. वर्षभर विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करूनही तिने राज्याचे आयकर विवरणपत्र भरायचा विचार केला नव्हता, कारण उत्पन्न थोडे होते. हे सारे कागद एकत्र ठेवून एखाद्या अनोळखी माणसाने पाहिले असते, तर त्याला एकच गोष्ट दिसली असती: टेक्सासची एक मुलगी शिकायला रॅलेत आली आहे.

तिच्या बाजूने दोन गोष्टी ठाम होत्या आणि दोन्ही तिने कोणी न सांगता केल्या होत्या. तिने नॉर्थ कॅरोलायनाचा वाहन परवाना बदलला नव्हता. आणि नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत तिने वेक काउंटीत मतदान केले होते. या मतदानाच्या नोंदीला मी फार महत्त्व देते, कारण वाद उभा राहण्याच्या आधीची ती कृती होती, मागाहून तयार केलेला पुरावा नव्हता.

जानेवारी 2025 मध्ये आम्ही जेवणाच्या टेबलावर तीन पर्याय मांडले. आईची कल्पना अशी होती की आपण कॅरीत एक छोटा फ्लॅट भाड्याने घ्यावा आणि कागदोपत्री तिथेच राहावे. ती मागे पडली, आणि पडणे योग्यच होते. जिथे माणूस राहत नाही तिथला भाडेकरार म्हणजे अधिवास नव्हे, आणि खोट्या माहितीवर मिळालेला दर्जा मागील तारखेपासून रद्द होऊन फरकाची वसुली होऊ शकते. दुसरा पर्याय गांभीर्याने विचार करण्यासारखा होता. टेक्सासच्या कायद्यानुसार, ज्याच्या पालकाने सत्राच्या गणना-दिनापूर्वी (विद्यार्थीसंख्या मोजण्याच्या ठरलेल्या दिवसापूर्वी) किमान एक वर्ष टेक्सासमध्ये अधिवास केला आहे, असा अवलंबित विद्यार्थी तिथे निवासी ठरतो. आई-वडील जुलै 2024 मध्ये गेले होते. म्हणजे ऑगस्ट 2025 च्या सत्रासाठी ही मुलगी टेक्सासमधील सरकारी विद्यापीठात बदली घेऊन तिथली इन-स्टेट फी मागू शकत होती. वडिलांना हा मार्ग सोपा वाटत होता. मुलीला अभ्यासक्रमातले श्रेयांक गमावण्याची भीती होती, तिचे मित्रमैत्रिणी, प्राध्यापक, काम, सारे रॅलेत होते, आणि तिने एवढेच विचारले, "काकू, पप्पा गेले म्हणून मीपण गेलेच, असं का धरायचं?"

मी दोघांना सांगितले की दोन्ही दारे एकदम उघडी ठेवता येणार नाहीत. टेक्सासच्या अर्जावर टेक्सासचा अधिवास सांगायचा आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या अर्जावर इथला, असे करणे म्हणजे दोन्हीकडे स्वतःविरुद्ध पुरावा देणे. निर्णय आधी, कागद मागून. निर्णय मुलीचा होता आणि तो तिसऱ्या पर्यायाचा, म्हणजे रॅलेतच राहून आहे तो अधिवास टिकवण्याचा, झाला.

त्यानंतरचे काम कष्टाचे पण सरळ होते. मोटार वडिलांच्या नावावरून मुलीच्या नावावर करून नॉर्थ कॅरोलायनात नोंदवली. परवान्यावर कॅरीचा विकलेल्या घराचा पत्ता होता, तो रॅलेच्या भाड्याच्या घराचा केला. मतदार नोंदणीही त्याच पत्त्यावर आणली. भाडेकरार नऊ महिन्यांऐवजी पूर्ण बारा महिन्यांचा केला, कारण उन्हाळ्यात रिकामे होणारे घर हे विद्यार्थ्याच्या मुक्कामाचे लक्षण आहे आणि वर्षभर भाडे भरलेले घर हे राहण्याचे. 2024 सालचे राज्याचे विवरणपत्र तिने फेब्रुवारीत निवासी म्हणून भरले. त्या वर्षी राज्याचा आयकर 4.5 टक्के होता आणि एकट्या व्यक्तीला 12,750 डॉलरची प्रमाणित वजावट होती. तिला कर लागला नाही, पगारातून कापलेली किरकोळ रक्कम परत मिळाली. रक्कम महत्त्वाची नव्हती. टेक्सासमध्ये वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा करच नाही, त्यामुळे नॉर्थ कॅरोलायनाचे निवासी विवरणपत्र स्वतःहून भरणे हे ती कोणत्या राज्याची आहे याचे स्पष्ट विधान होते.

एका मुद्द्यावर वडिलांशी माझा बराच वाद झाला. त्यांना कोणीतरी सांगितले होते की केंद्रीय विवरणपत्रात मुलीला अवलंबित दाखवणे बंद केले की ती स्वतंत्र ठरते आणि प्रश्न सुटतो. असे होत नाही. 24 वर्षांखालील पूर्णवेळ विद्यार्थी, जो आपल्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भार स्वतः उचलत नाही, तो इतर अटी पूर्ण होत असतील तर पालकांचा अवलंबित ठरू शकतो. पालकांनी दाखवला नाही म्हणून तो स्वतःला स्वतंत्र म्हणवू शकत नाही. केंद्रीय आर्थिक साहाय्याच्या अर्जातही अविवाहित पदवी विद्यार्थी 24 व्या वर्षापर्यंत, काही अपवाद वगळता, अवलंबितच असतो. दाखवणे बंद केले असते तर करसवलत गेली असती आणि वस्तुस्थिती तीच राहिली असती. आम्ही ठरवले की ती अवलंबित आहे हे लपवायचे नाही. वडील फी भरतात, हे सत्य आहे. मुलगी रॅलेची आहे, हेही सत्य आहे. आणि पाच वर्षांच्या तरतुदीमुळे या दोन सत्यांचा कायद्यात झगडा होत नाही.

राज्यात 2016 च्या अखेरीपासून निवास ठरवण्यासाठी एक मध्यवर्ती ऑनलाइन सेवा आहे. त्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपापल्या पद्धतीने ठरवत असे. एप्रिल 2025 मध्ये बदललेली परिस्थिती आपणहून कळवून मुलीने तिथली प्रश्नावली नव्याने भरली. ती तिने परीक्षेच्या आठवड्यात, रात्री, एकटीने भरली. कायमच्या घराच्या प्रश्नाला तिने सवयीने टेक्सासचा पत्ता दिला आणि राज्यात कधीपासून राहता, या प्रश्नाला विद्यापीठात प्रवेश घेतल्याचा महिना लिहिला. निकाल 'अनिवासी' असा आला. त्या उत्तरांवरून दुसरा कोणताही निकाल येणे शक्य नव्हते. चूक आमच्या बाजूची होती, आणि मी त्या रात्री तिच्याजवळ बसायला हवे होते याची रुखरुख मला आजही आहे.

पुनर्विचाराची सोय होती, आणि ती असलीच पाहिजे असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या निर्णयांचे वळण आहे. 1973 मध्ये कनेक्टिकट राज्याच्या एका कायद्याविरुद्ध दिलेल्या निकालात न्यायालयाने म्हटले की, बाहेरून आलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत अनिवासीच, असे न खोडता येणारे गृहीतक राज्याला धरता येत नाही. त्याला आपला अधिवास सिद्ध करण्याची संधी दिली पाहिजे. त्याच वेळी राज्यांनी वाजवी पुरावा मागावा, वर्षभराच्या वास्तव्याची अट घालावी, याला न्यायालयाने हरकत घेतलेली नाही. मला यात अन्याय दिसत नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्यघटनेत नवव्या अनुच्छेदात असे म्हटले आहे की सार्वजनिक उच्च शिक्षणाचा लाभ राज्यातील लोकांना शक्य तितका विनाखर्च मिळावा. इतके उदार वचन देणारे राज्य 'राज्यातील लोक' कोण, हे बारकाईने पाहणारच.

पुनर्विचारासाठी आम्ही जे पाठवले त्यात एका पानाचे तारीखवार टिपण सर्वांत वर होते. ऑगस्ट 2012 मध्ये कॅरीतल्या शाळेत नाव घातले तिथपासून मे 2025 पर्यंत, ती प्रत्येक वर्षी कुठे राहिली आणि राज्याबाहेर किती दिवस गेली, हे त्यात लिहिले. उन्हाळ्यात सामान हलवण्यासाठी टेक्सासमध्ये काढलेले सहा आठवडे लपवले नाहीत, नाताळच्या सुट्टीतले तीन आठवडेही नाहीत. तात्पुरत्या गैरहजेरीने अधिवास मोडत नाही, पण लपवलेल्या गैरहजेरीने विश्वास मोडतो. टिपणामागे शाळेच्या गुणपत्रिका, आई-वडिलांची 2023 पर्यंतची राज्याची विवरणपत्रे, परवाना, मतदानाची नोंद, मोटारीची नोंदणी, पगाराच्या पावत्या, भाडेकरार आणि तिचे स्वतःचे विवरणपत्र जोडले. पहिल्या प्रश्नावलीत कोणती दोन उत्तरे चुकली आणि का, हे मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहिले. आणि पाच वर्षांच्या तरतुदीचा उल्लेख पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात केला, कारण वाचणाऱ्याला ती शोधावी लागू नये.

त्या उन्हाळ्यासाठी तिला इंटर्नशिपचे दोन प्रस्ताव होते: एक आई-वडिलांच्या घरापासून वीस मिनिटांवर, जास्त पगाराचा, दुसरा रॅलेजवळच्या रिसर्च ट्रँगल पार्क या संशोधन-उद्योगांच्या परिसरात. तीन महिन्यांच्या इंटर्नशिपने अधिवास जातो असे कायदा म्हणत नाही. तरीही अर्ज विचाराधीन असताना टेक्सासमध्ये आई-वडिलांच्या घरी राहून काम करणे मला जोखमीचे वाटले, आणि मी तसे सांगितले. आईला वाईट वाटले. वर्षभरानंतर मुलगी घरी राहायला येणार होती. मुलीने इथला प्रस्ताव घेतला. याची किंमत पैशात मोजता येत नाही, आणि ती या कुटुंबाने दिली.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवते, कारण हे वाचून कोणी मराठी पालक आपलेही असेच होईल असे धरतील. हे कुटुंब नागरिक होते. जी मुले एच-4 व्हिसावर (एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहेत त्यांची स्थिती नाजूक असते. ग्रीन कार्डच्या रांगेत असताना मूल 21 वर्षांचे झाले की एच-4 दर्जा संपतो आणि बहुतेकांना एफ-1 विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. एफ-1 ची अटच अशी आहे की आपले परदेशातील घर सोडण्याचा इरादा नाही. जिथे कायम राहण्याचा इरादाच कायद्याने नाकारलेला आहे, तिथे अधिवासाचा पाया राहत नाही, मग ते मूल वयाच्या तिसऱ्या वर्षापासून तिथे वाढलेले का असेना. अशा घरात बदलीचा आणि व्हिसाचा प्रश्न एकत्रच पाहावा लागतो, आणि वकिलाची फी वाचवण्याची ती जागा नव्हे.

जून 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात पुनर्विचाराचा निकाल आला आणि मुलीचा निवासी दर्जा कायम राहिला. ऑगस्टमध्ये तिने तिसऱ्या वर्षाची फी जुन्याच दराने भरली, आणि शिक्षण सलग राहिले तर मे 2027 पर्यंत तोच दर राहील. पुढे तिला याच राज्यात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. तेव्हा दर्जाची तपासणी नव्याने होणार, म्हणून ती फाइल तिने टाकलेली नाही. धाकटा मुलगा 2026 मध्ये टेक्सासमध्ये कॉलेजचे अर्ज भरेल, आणि तिथे तो आई-वडिलांच्या अधिवासावर निवासी ठरेल. वडिलांनी आता दोन्ही मुलांचे कागद दोन वेगळ्या खणांत ठेवले आहेत, आणि एका खणातला पत्ता बदलण्यापूर्वी ते मुलीला फोन करून विचारतात.